माल्टच्या मिलला मोटर जोडताना: आधी फेरे, मग पीळ, मोटर शेवटी

घरी बिअर बनवताना पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा बार्ली) मिलमध्ये हाताने भरडायला दहा-बारा मिनिटं हँडल फिरवावं लागतं. पहिल्या दोन-तीन वेळा ते बरं वाटतं, मग खांदा भरून यायला लागतो आणि मिलला मोटर जोडायचं डोक्यात घोळू लागतं. इथे नवीन माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. अर्धा एचपी पुरेल का, एक एचपीची मिळतेय ती घेऊ का, घरात पडलेली जुनी मोटर चालेल का? पण नुसत्या एचपीच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. मिलमधले दाणे चिरडणारे रोलर किती वेगाने फिरायला हवेत आणि दाणे तोंडात असताना जागेवरून हलायला त्यांना किती पीळ लागतो, हे दोन आकडे हातात आले की निम्म्याहून जास्त पर्याय आपोआप गळतात. पीळ म्हणजे टॉर्क. कारखान्यात टॉर्कच म्हणतात, पण हँडल फिरवताना मनगटाला जे जाणवतं ते पीळ या शब्दात जास्त नेमकं येतं, म्हणून इथे तोच वापरतो.

पायरी १: चांगल्या भरडीचा नमुना जपून ठेवा

मोटर जोडण्याआधी हाताने नीट भरडलेल्या माल्टची एक मूठ डबीत घालून ठेवा. पुढे प्रत्येक वेळी तुलना याच्याशी करायची आहे.

हा नमुना तळहातावर पसरून उजेडात बघा. टरफल लांबीच्या बाजूने उकललेलं पण बरंचसं अखंड असतं, रिकाम्या होडीसारखं. आतला पांढरा गर तीन-चार तुकड्यांत फुटलेला असतो, आणि बोटं चोळली तर थोडं पीठ लागतं, इतकंच. आपल्याला भरडायचं आहे, दळायचं नाही. ही टरफलंच पुढे मॅशच्या (भरड गरम पाण्यात भिजवण्याच्या) भांड्यात गाळणीचं काम करतात. त्यांचा भुगा झाला की गर आणि पीठ मिळून खळ होते, वर्ट (माल्टमधून उतरलेलं गोड पाणी) खाली उतरत नाही आणि मॅश अडकतो. फाटलेल्या टरफलांमधून तुरटपणाही जास्त उतरतो.

दोन रोलरमधली फट साधारण ०.९ ते १.२ मिमी असते. ती फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्ही टोकांना मोजून लिहून ठेवा. मोटर जोडल्यावर भरड बिघडली, तर फट हलली की वेग चुकला हे शोधताना हा आकडा लागतो.

पायरी २: रोलरचे फेरे ठरवा

घरगुती दोन-रोलर मिलसाठी मिनिटाला १५० ते २०० फेरे हा चांगला पट्टा आहे. मी १८० धरून चालतो. हाताने आपण साधारण ६० फेरे देतो, म्हणजे हा वेग त्याच्या तिप्पट झाला.

याहून जास्त का नको? बहुतेक दोन-रोलर मिलमध्ये एकच रोलर शाफ्टने फिरतो. दुसरा मोकळा असतो आणि मधून जाणारे दाणेच त्याला फिरवतात. वेग फार वाढला की दाणे रोलरच्या खाचांमध्ये पकडले न जाता वरच नाचत राहतात, मोकळा रोलर अडखळतो, आणि जे दाणे आत जातात त्यांची टरफलं उकलण्याऐवजी खरवडली जातात. रोलरचा व्यासही यात येतो. ३८ मिमी व्यासाच्या रोलरचा पृष्ठभाग १८० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ३६ सेंमी सरकतो, ५० मिमीचा त्याच फेऱ्यांना ४७ सेंमी. म्हणून मोठ्या रोलरला फेरे थोडे कमी ठेवले तरी काम तेवढंच होतं.

वेग वाढवून वाचतं तरी काय, तेही बघा. रोलर १५० मिमी लांब, व्यास ३८ मिमी, फट एक मिमी आणि फेरे १८० धरले, तर मिनिटाला अंदाजे दीड ते दोन किलो माल्ट भरडून निघतो. वीस लिटरच्या बॅचला चार ते सहा किलो लागतो. तीन-चार मिनिटांचं काम दीड मिनिटात उरकण्यासाठी पुढचा तासभर अडकलेल्या मॅशशी झगडायचं, हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

पायरी ३: पीळ स्वतः मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. प्रत्येक मिलचा रोलर, खाचा, फट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) वेगळे असतात. दुसऱ्याच्या मिलला जी मोटर पुरली ती तुमच्या मिलला पुरेल, असं धरून चालता येत नाही. मोजायला बॅगा तोलायचा हुकवाला काटा पुरतो.

मिल टेबलाला घट्ट बांधा. हॉपर (वरचं दाणे भरायचं भांडं) काठोकाठ भरा आणि हँडल दोन-चार फेरे फिरवून रोलरच्या तोंडात दाणे अडकवून घ्या. आता हँडल सरळ उभं येईल तिथे थांबा, मुठीत काट्याचा हुक अडकवा आणि काटा आडवा, हँडलशी काटकोनात ओढा. हँडल उभं असताना त्याचं स्वतःचं वजन मोजमापात येत नाही, म्हणून ही स्थिती घ्यायची. हळूहळू ताण वाढवत न्या. रोलर ज्या क्षणी सुटतो तो आकडा टिपा. मग तसंच ओढत राहून चालतं असतानाचा आकडा टिपा. असं किमान दहा वेळा करा आणि सुटण्याच्या आकड्यांपैकी सगळ्यात मोठा धरा. सरासरी काढू नका, कारण मोटर अडते ती सर्वांत वाईट क्षणी.

माझ्या मिलचे आकडे देतो. हँडलची लांबी शाफ्टच्या मध्यापासून मुठीपर्यंत १५ सेंमी. चालत्या भरडीत काटा ४ किलोच्या आसपास राहिला, आणि भरल्या हॉपरने जागेवरून सुटताना एकदा ९ किलोपर्यंत गेला. किलोला ९.८१ ने आणि हँडलच्या मीटरमधल्या लांबीने गुणलं की पीळ न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. चालताना ४ × ९.८१ × ०.१५ म्हणजे सुमारे ६, सुटताना ९ × ९.८१ × ०.१५ म्हणजे सुमारे १३. सुटण्याच्या आकड्यावर दीडपट राखीव धरली की २० न्यूटन-मीटर.

आता ताकद. पीळ गुणिले फेरे, भागिले ९.५५, की वॅट मिळतात. २० × १८० ÷ ९.५५ म्हणजे सुमारे ३७७ वॅट. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. पण चालताना लागणारे ६ न्यूटन-मीटर याच हिशेबात घातले तर जेमतेम ११३ वॅट येतात! भरड चालू असताना मोटर जवळजवळ आरामात असते. अर्धा एचपी लागतो तो पहिल्या अर्ध्या सेकंदासाठी.

यातूनच एक सोपी सोय सुचते. हॉपरच्या तळाशी सरकती पट्टी बसवा. आधी मोटर चालू करायची, मग पट्टी ओढून दाणे सोडायचे. एवढ्याने सुरुवातीचा सगळा भार जातो. तरीही मोटर निवडताना भरल्या तोंडाचाच आकडा धरा, कारण भरड मध्येच थांबवून पुन्हा चालू करायची वेळ कधी ना कधी येतेच.

मोजमाप तुम्ही वापरणार असाल त्यातल्या सगळ्यात कठीण धान्यावर करा. बार्लीचा माल्ट ठिसूळ असतो. मोड न आणलेला गहू किंवा राय (गव्हासारखं एक धान्य) बराच जास्त पीळ मागतात.

पायरी ४: फिरवणार कशाने ते निवडा

*ड्रिल.* बहुतेक जण इथून सुरुवात करतात, आणि महिन्यातून एखादी बॅच असेल तर तसं करण्यात काही वावगं नाही. फक्त ड्रिल कोणतं घेता याकडे लक्ष द्या. ड्रिलमधला पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो. बटण अर्धं दाबून वेग कमी केला की पंखाही मंदावतो, भार मात्र तोच राहतो, आणि मोटर आतल्या आत तापते. माझं एक ड्रिल असंच गेलं. सहा किलोची बॅच होती, तिसऱ्या किलोला गरम व्हार्निशचा वास आला, मी ‘एवढं संपवून घेऊ’ म्हणून दाबत राहिलो आणि पाचव्या किलोला ते बंद पडलं. तो वास आला की तिथल्या तिथे थांबायचं.

म्हणून दोन गिअरचं ड्रिल घ्या आणि ते पहिल्या, संथ गिअरवर ठेवा. त्यात मोटर वेगाने फिरते, स्वतःला थंड ठेवते, आणि चकला (ड्रिलच्या पुढच्या पकडीला) कमी फेरे व जास्त पीळ मिळतो. बॅटरीवरच्या ड्रिललाही हे काम जमतं. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास असतात आणि एका बॅचला त्यातला थोडाच भाग लागतो. ड्रिल हातात धरून, बटण लॉक करून मिल चालवू नका. माल्टमध्ये एखादा खडा आला आणि रोलर अडले तर सगळा पीळ मनगटावर उलटतो. ड्रिल चौकटीत बांधा किंवा त्याचा बाजूचा दांडा एखाद्या भक्कम अडसराला टेकवा.

*गिअर मोटर.* एकदाच करायचं आणि पुढे बघायचं नाही असं असेल, तर हाच सरळ मार्ग. ५० हर्ट्झ विजेवर चार पोलची मोटर भाराखाली मिनिटाला साधारण १४०० फेरे देते. तिला ७.५ पट कपातीचा वर्म गिअरबॉक्स (यात स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो) जोडला की १८७ फेरे, १० पटीचा जोडला की १४०. साठ हर्ट्झवर मोटर १७२५ च्या आसपास फिरते, तिथे १० पटीने १७२ मिळतात. पीळ बघा: अर्ध्या एचपीची मोटर १४०० फेऱ्यांना सुमारे २.५ न्यूटन-मीटर देते, ७.५ पट केल्यावर आणि गिअरमधलं नुकसान वजा केल्यावर साडेसोळाच्या आसपास उरतात. माझ्या २० च्या आकड्याला हे कमी वाटेल, पण तो आकडा फक्त सुटण्यापुरता आहे, आणि तिथे मोटरीची जात महत्त्वाची ठरते.

सिंगल फेज मोटर घेताना ती कॅपॅसिटर स्टार्ट (फक्त सुरुवातीच्या जोरासाठी वेगळा कॅपॅसिटर असलेली) आहे का हे विचारा. अशी मोटर सुरुवातीला तिच्या नेहमीच्या पिळाच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त जोर लावते. ज्या मोटरीत एकच कॅपॅसिटर कायम जोडलेला असतो, जसा पंख्यात असतो, तिचा सुरुवातीचा जोर बराच कमी असतो. नेमप्लेटवर दोन्हींचे वॅट सारखेच दिसतात. एक मिल फिरवते, दुसरी भरल्या हॉपरखाली नुसती गुणगुणत उभी राहते. अशी गुणगुण ऐकू आली की लगेच बंद करा, नाहीतर वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळायला फार वेळ लागत नाही.

*पट्टा आणि पुली.* चांगली मोटर आधीच हाताशी असेल तर हा रस्ता घ्या. पट्ट्याचा मोठा गुण म्हणजे खडा अडकला की तो घसरतो आणि मिल वाचते. पण मोटर १४४० फेऱ्यांची असेल, तर १८० वर यायचं म्हणजे आठ पट कपात. ए सेक्शनच्या व्ही-बेल्टला (ए मापाच्या, तिरक्या कडांच्या पट्ट्याला) लहान पुली ७५ मिमीच्या खाली नेली की पट्टा फार वाकतो आणि लवकर चिरतो. म्हणजे एका टप्प्यात मोठी पुली ६०० मिमीची घ्यावी लागेल, जे घरी शक्य नाही. दोन टप्पे करा: मोटरवर ७५, मधल्या शाफ्टवर २२५, म्हणजे ४८० फेरे. त्याच शाफ्टवर दुसरी ७५ ची, शेवटच्या शाफ्टवर २००, म्हणजे बरोबर १८०. पट्ट्याने लहान पुलीला किमान १२० अंश वेढा द्यायला हवा. दोन शाफ्टमधलं अंतर मोठ्या पुलीच्या व्यासाइतकं किंवा जास्त ठेवलं की वेढ्याची काळजी राहत नाही.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. २०० मिमीच्या पुलीवर २० न्यूटन-मीटर द्यायचे तर पट्टा २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोने ओढतो. ताणलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची ओढ मिळून शाफ्टवर ३० ते ४० किलोचा आडवा भार पडतो. मिलमध्ये नुसते पितळी बुश असतील तर ते एका बाजूने झिजतात, रोलर तिरका होतो आणि एका टोकाला फट वाढून अख्खे दाणे खाली पडायला लागतात. म्हणून शेवटची पुली मिलच्या शाफ्टवर थेट बसवू नका. तिला पिलो ब्लॉक बेअरिंगवर (चौकटीला बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगवर) स्वतःचा शाफ्ट द्या आणि तो शाफ्ट कपलिंगने (दोन शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याने, पायरी ५ बघा) मिलला जोडा.

*थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी.* मी आता हेच वापरतो. व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) घरातली सिंगल फेज वीज घेऊन मोटरला थ्री फेज देतो आणि फेरे बटणावर बदलता येतात. गव्हाचा माल्ट असला की मी ४० हर्ट्झवर आणतो, १५० फेरे मिळतात. सुरुवात झटका न देता हळू होते आणि रोलर अडले की व्हीएफडी स्वतः थांबतो. नियम तीनच. २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर २३०/४०० व्होल्टची मोटर डेल्टामध्ये (त्रिकोणी जोडणीत) जोडायची. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच लावायचा नाही. आणि सिंगल फेज कॅपॅसिटर मोटरला व्हीएफडी कधीच जोडायचा नाही. २५ हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा थकतो, म्हणून फार खाली जाऊन वेळ काढू नका.

*डीसी मोटर.* व्हीलचेअरची २४ व्होल्टची गिअर मोटर मिळाली तर ती या कामाला छान बसते, कारण अशी मोटर जागेवरूनच सगळ्यात जास्त पीळ देते. मात्र सुरू होताना ती करंटही भरपूर ओढते आणि बेताचा पॉवर सप्लाय त्या क्षणी बंद पडतो. गाडीच्या वायपरची मोटर मात्र मी सुचवणार नाही. तिचे फेरे फार कमी असतात.

पायरी ५: शाफ्टला शाफ्ट जोडणं

दोन शाफ्ट कितीही काळजीने समोरासमोर आणले तरी केसभर फरक राहतोच. घट्ट नळी घालून जोडले तर तो फरक दर फेऱ्याला बेअरिंग आणि बुश सोसतात. जॉ कपलिंग वापरा. दोन धातूचे दातेरी तुकडे आणि मध्ये रबरी चांदणी, असं ते असतं. अंशभर तिरकेपणा आणि मिलीमीटरच्या काही दशांशांची सरक ती चांदणी पोटात घेते. कपलिंगचे दोन अर्धे वेगवेगळ्या छिद्रांचे मिळतात, त्यामुळे मोटरचा शाफ्ट जाड आणि मिलचा बारीक असला तरी अडत नाही.

गिअरबॉक्सच्या बाजूला चावी (शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) बसवा. मिलच्या शाफ्टला खाच नसेल तर ग्रब स्क्रू (कपलिंग शाफ्टवर आवळणारा, डोकं नसलेला स्क्रू) जिथे टेकतो तिथे कानशीने एक सपाट जागा करा. गोल शाफ्टवर नुसता आवळलेला ग्रब स्क्रू या पिळाखाली घसरतो आणि शाफ्टवर चरे पाडतो.

मोटर, गिअरबॉक्स आणि मिल एकाच जाड फळीवर किंवा लोखंडी चौकटीवर बोल्टने पक्के करा. गिअरबॉक्स दाण्यांच्या वाटेच्या वर येऊ देऊ नका. सील कधी तरी झिरपतं, आणि तेलाचा एक थेंबही माल्टमध्ये नको.

पायरी ६: वीज, धूळ आणि बोटं

यातल्या कुठल्याच गोष्टीत तडजोड करू नका. चौकटीला आणि मोटरला अर्थिंग हवंच. वायरिंगचा सराव नसेल तर हा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. स्विच असा हवा की वीज जाऊन परत आली तर मोटर आपोआप सुरू होणार नाही, आणि बंद करायचं मोठं लाल बटण हॉपरपाशी उभं राहून हाताला लागेल असं असावं. पट्टा, पुली आणि कपलिंग यांवर जाळी किंवा पत्र्याचं आवरण घाला. हॉपर पुरेसा खोल ठेवा किंवा त्यात जाळी बसवा, म्हणजे बोटं रोलरपर्यंत पोहोचणारच नाहीत. दाणे अडले तर प्लग काढल्याशिवाय आत काहीही घालू नका, लाकडी काडीसुद्धा नाही.

धान्याची बारीक धूळ हवेत दाट झाली तर पेट घेते. ब्रशच्या मोटरीत ठिणग्या पडतात, म्हणून ती धुळीपासून लांब हवी. मी बंद कवचाची, बाहेरून पंखा असलेली मोटरच पसंत करतो. माल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलसही (बिअर आंबट करणारे जिवाणू) असतात, तेव्हा फर्मेंटर (वर्ट आंबवायचं भांडं) आणि थंड झालेला वर्ट जिथे असतो त्या खोलीत भरडू नका.

पायरी ७: पहिली भरड

आधी कपलिंगची चांदणी काढून मोटर क्षणभर चालू करा आणि दिशा बघा. वरून पाहिल्यावर रोलर एकमेकांकडे, आतल्या बाजूला फिरायला हवेत. उलटं असेल तर थ्री फेजमध्ये मोटरच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा, कॅपॅसिटर स्टार्टमध्ये स्टार्ट वायंडिंगची टोकं उलटा. बरोबर दिशा कवचावर बाणाने रंगवून ठेवा.

मग पाच मिनिटं रिकामी मिल चालवा आणि बुशांपाशी हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर शाफ्ट सरळ रेषेत नाहीत. त्यानंतर अर्धाच किलो माल्ट घाला, पट्टी थोडी उघडा आणि निघालेली भरड डबीतल्या नमुन्याशेजारी पसरा. पीठ जास्त आणि टरफलं फाटलेली दिसली तर आधी फेरे कमी करा, मग फटीला हात लावा. अख्खे दाणे दिसले तर मोकळा रोलर फिरतोय ना ते बघा, मग फट थोडी कमी करा. टरफलं तरीही फाटत असतील तर भरडायच्या थोडं आधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी फवारून हलवून घ्या, पाच किलोला १०० मिली. टरफल चिवट होतं, आत ओल जात नाही, आणि धूळही बसते.

मोटरच्या थरथरीने फट धरणारे स्क्रू सैल होतात. पहिल्या तीन बॅचपैकी प्रत्येक बॅचनंतर फीलर गेज घालून फट तपासा, ग्रब स्क्रू आवळा, आणि रोलर कोरड्या ब्रशनेच साफ करा. पाणी लागलं तर खाचांत गंज धरतो.